उणे एक

औसा रोडवरच्या शोरूममध्ये
टीव्ही आणि वॉशिंग मशीनच्या मधे जे टेबल आहे,
ते माझं.
वर पाटी : शून्य टक्के.
चार वर्षं वाकडीच आहे, मी सरळ केली नाही.

काल कस्तुराबाई बिडवे आल्या.
उद्योग भवनाच्या मागे त्यांची मेस,
डॉक्टर व्हायला आलेली त्रेसष्ट पोरं
दोन्ही वेळा त्यांच्या हातचं खातात.
फ्रीज हवा होता, दह्यासाठी.
हप्त्यानं घ्या मावशी, सोनटक्के मॅनेजर म्हणाले,
वर मिक्सर फुकट.

मी नंबर टाकला, अंगठा घेतला.
पडद्यावर गोल फिरत राहिलं, मग थांबलं.
उणे एक.

"म्हंजे?"
म्हणजे मावशी, तुम्ही कधी कुणाचं काही घेतलेलंच नाही,
म्हणून तुम्ही कोण, ते यंत्राला कळत नाही.

"घेतलेलं फेडून दाखवता येतंय, लेकरा.
न घेतलेलं कसं दाखवू?"

माझा स्कोअर सातशे बेचाळीस.
कंपनी मला शाबासकीचे मेसेज पाठवते.
मोबाइल, गाडी, बायकोच्या बाळंतपणात घेतलेला एसी,
आणि या तिघांचे हप्ते भरायला काढलेलं चौथं.
पाच तारखेला पगार येतो
आणि चपला न काढताच परत जातो.

सोनटक्क्यांनी पेपर उघडून दाखवला :
लोक घेतायत म्हणून देश चाललाय, मावशी.
सगळे तुमच्यासारखे निघाले तर वाढ थांबेल.

कस्तुराबाईंनी तो शब्द
शीत दाबून बघावं तसा बघितला.
"वाढीचं मला सांगूलालाव?
वीस वर्षं वाढूनच खाते मी.
ताटावर बसलेल्याला दिसत नाही,
पातेल्याचा तळ वाढणाऱ्याला दिसतो.
पुढच्या पंगतीचं आत्ताच वाढून टाकलं
तर हे म्हणतील, काय मोठ्या मनाची बाई.
मागून आलेली लेकरं काय म्हणतील?"

मला आमच्या गल्लीतलं बोअर आठवलं.
आधी दोनशे फूट होतं, मग साडेचारशे,
परवा घरमालकानं आठशे मारलं, तेही लोन काढून.
पांढरी धूळ तेवढी वर आली
आणि माझ्या हप्त्याच्या गाडीवर बसली.
खाली खातं कुणाच्या नावावर आहे
ते विचारायला कुणी थांबलं नाही.

सोनटक्के अजून मिक्सरवरच होते.
"फुकट काय येतंय हो?
रेल्वेनं पाणी आलं त्या साली
म्या पोरांची ताटं राखेनं घासली.
लोक म्हणले, फुकट आलं.
मिरजेकडं कुणाची तरी घागर उणी झालीच की."

मग त्यांनी डबा उघडला.
पन्नासच्या, शंभरच्या, काही विसाच्या,
फोडणीचा वास असलेल्या नोटा.
मोजायच्या मशीननं दोनदा ओकल्या,
शेवटी मी हातानं मोजल्या.
रोखीवर मला कमिशन नसतं.
तरी एकदाही आकडा चुकला नाही.

"खोकं टाकू नका," जाताना म्हणाल्या,
"कांदे राहतात त्यात."
आणि नोटांचं रबर माझ्यासमोर ठेवलं.
"असू दे. कामाला येतंय."

टेम्पो वळला तेवढ्यात मोबाइल वाजला.
अभिनंदन, पाच लाख मंजूर, फक्त एक क्लिक.
मी रबर मनगटात घातलं. जरा घट्ट होतं.

त्यांचा अर्ज पडद्यावर तसाच उघडा होता,
लाल अक्षरांत,
उणे एक.
रात्री शटर पडेपर्यंत
मी तो बंद केला नाही.